ब्लेझर, बर्फी आणि बहात्तर टक्के

नागपूरच्या त्रिमूर्तीनगर भागातून एका वाचक भगिनीने पाठवलेले पत्र, थोडे संक्षिप्त करून :

"मी ४४ वर्षांची आहे आणि एका खासगी वित्तपुरवठा कंपनीच्या शाखेत कर्जविभागात काम करते. एप्रिलपासून आमच्या मुख्यालयाने पोशाखाचा नवा नियम लावला आहे. महिला कर्मचाऱ्यांनी गडद निळा ब्लेझर, पँट आणि बंद काळे बूट घालायचे. कुर्ता आणि ओढणी बंद. माझे निम्मे काम बाहेरचे असते. वाडी, हिंगणा या बाजूला ग्राहकांच्या घरी जाऊन कागदपत्रे तपासावी लागतात आणि तेही स्कूटरवरून. ब्लेझर डिकीत ठेवते आणि ग्राहकाच्या फाटकाशी उतरले की अंगात घालते. तोवर तो इस्त्रीखालून काढल्यासारखा तापलेला असतो आणि त्याच्या अस्तराला पेट्रोलचा वास येत असतो.

दहावीचा निकाल दुपारी १ वाजता लागला, तेव्हा मी हिंगण्यात होते. ३ वाजता शाखेत परतले तेव्हा ब्लेझर अंगात नव्हता, हातात होता. म्हणून व्यवस्थापकांनी ग्राहकांसमोर मला सुनावले. मी काही बोलले नाही. संध्याकाळी घरी आले तेव्हा मुलाने निकाल दाखवला. ७२.६० टक्के. आम्ही ८५ धरून चाललो होतो. मराठी ८१, हिंदी ७२, इंग्रजी ७०, विज्ञान ६२, सामाजिक शास्त्रे ७८ आणि गणितात ५१. माझ्या तोंडून निघून गेले, 'याच्यासाठी मी ते कापड अंगावर चढवून उन्हात मरते का?' तेव्हापासून तो कामापुरतेच बोलतो. त्याच रात्री माझी नणंद संत्रा बर्फीचा डबा घेऊन आली. तिच्या मुलीला ९४ टक्के आहेत. तो डबा आमच्याकडे कोणी उघडला नाही, शेवटी कामाला येणाऱ्या मावशींना देऊन टाकला.

जेईईच्या शिकवणीसाठी धरमपेठेतल्या एका क्लासमध्ये आम्ही निकालाआधीच २० हजार रुपये भरले आहेत. त्यांचे एका कॉलेजशी टायअप आहे, म्हणजे कॉलेजात रोज जावे लागत नाही. आता कळते की मुलगा मामाजवळ 'मला डिप्लोमा करायचा आहे' असे म्हणाला. आम्हाला तो काही सांगत नाही. त्यात वरच्या मजल्यावरच्या कूलरचे पाणी रोज आमच्या गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकते. यजमान प्रत्येक गोष्टीवर 'जाऊ दे' म्हणतात. लोकांना मोठमोठी दुःखे असतात आणि मी अशा क्षुल्लक गोष्टींनी रात्रभर जागी राहते. माझेच काही चुकते आहे का?"

ताई,

तुमच्या तक्रारी लहान आहेत असे मला वाटत नाही, आणि त्या लहान असल्याचा दाखला माझ्याकडून घेऊन तुम्हाला गप्प बसायचे असेल तर तो मी देणार नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वात तापलेले नऊ दिवस, तोंडावर आलेला असताना अस्तराचा कोट घालून दारोदार फिरावे लागणे हा अंगाला होणारा त्रास आहे. त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणण्याचे कारण नाही. ज्या मुलाच्या अभ्यासासाठी वर्षभर घरातला टीव्ही बंद राहतो, पाहुण्यांना टाळले जाते, त्याचा निकाल अपेक्षेपेक्षा बारा टक्क्यांनी खाली आला तर आईला वाईट वाटणारच. मला तुमच्या पत्रात खटकले ते वेगळेच आहे. दुपारी ३ वाजता, जिथे तुम्ही तोंड उघडायला हवे होते तिथे तुम्ही मूग गिळून राहिलात, आणि संध्याकाळी, जिथे निदान एक रात्र थांबायला हवे होते तिथे बोलून मोकळ्या झालात. वड्याचे तेल वांग्यावर निघाले. तुमच्या पत्रातल्या बाकीच्या सगळ्या गोष्टी या एका अदलाबदलीभोवती गोळा झालेल्या मला दिसतात.

ते वाक्य पुन्हा एकदा वाचून पाहा. त्यात गणित नाही, टक्के नाहीत, अभ्यास नाही. त्यात कापड आहे आणि ऊन आहे. ते व्यवस्थापकांसाठी तयार झालेले वाक्य होते आणि वाटेत पत्ता चुकून मुलाला मिळाले. सोळाव्या वर्षात असलेल्या मुलाने त्यातून एवढेच उचलले असणार की आईला उन्हातान्हात हिंडावे लागते ते आपल्यामुळे आणि आपण त्या कष्टांच्या लायकीचे निघालो नाही. हा अर्थ त्याच्या डोक्यात मुरू देऊ नका. त्याला समोर बसवून भाषण करण्याची गरज नाही, कारण समोर बसवले की या वयाची मुले कान मिटून घेतात. संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरताना, तो पाइप धरून उभा असेल तेव्हा, त्या दिवशी ३ वाजता शाखेत काय घडले ते त्याला सरळ सांगा : ग्राहकांसमोर मला बोलणी बसली, मी तिथे काही बोलले नाही आणि तो राग तुझ्यावर निघाला, ते माझे चुकले. एवढेच. यापुढे 'पण तूसुद्धा जरा' असे काहीही जोडू नका. आधीचे सगळे त्या 'पण'मध्ये वाहून जाते. तो कदाचित काहीच म्हणणार नाही. चालेल. त्याच्याकडून लगेच उत्तर मिळालेच पाहिजे अशी अट घालू नका.

आता त्या ब्लेझरकडे वळते, कारण इथे तुमच्या हातात तुम्हाला वाटते त्याहून बरेच काही आहे.

खासगी कंपनीला आपल्या कर्मचाऱ्यांनी काय घालावे हे ठरवता येते, आणि नोकरी करताना तो अधिकार आपण बहुतांशी मान्य केलेला असतो. म्हणून 'कुर्ता हा माझा हक्क आहे' अशी सुरुवात केलीत तर वाद तत्त्वाचा होईल आणि तत्त्वाच्या वादात मुख्यालय हरत नसते. त्याऐवजी नियमाचा हेतू काय आणि तो नागपुरात साधतो आहे का, एवढ्यावरच बोट ठेवा. नीटनेटके दिसावे, ग्राहकाला विश्वास वाटावा, हा हेतू योग्य आहे. घामाने भिजलेली, चेहरा लालबुंद झालेली आणि अंगाला पेट्रोलचा वास येणारी कर्जअधिकारी दारात उभी राहिल्यावर ग्राहकाला नक्की कोणता विश्वास वाटतो, हा प्रश्न त्यांना विनम्रपणे विचारण्यासारखा आहे.

उदाहरणे तुमच्या बाजूची आहेत. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मंत्रालयापासून सर्व शासकीय कार्यालयांतील कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचे परिपत्रक काढले. तेव्हा जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर यांवरून पुष्कळ गदारोळ झाला, पण त्याच परिपत्रकात महिलांसाठी साडी, सलवार किंवा चुडीदार कुर्ता, ट्राउझरवर कुर्ता किंवा शर्ट आणि आवश्यक तर दुपट्टा हा योग्य पोशाख म्हणून सांगितला होता. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी पोशाखाच्या सूचना आल्या, त्यांतही साडी अथवा सलवार-कुर्ता-दुपट्टा हाच शिक्षिकांचा शोभणारा वेष मानला गेला. म्हणजे ज्या कुर्ता-ओढणीला तुमच्या कंपनीने घरगुती ठरवून हद्दपार केले, तिला राज्याचे शासन कार्यालयीन पोशाख मानते. ही परिपत्रके तुमच्या कंपनीला बंधनकारक नाहीत, हे ध्यानात ठेवा. पण 'ओढणी म्हणजे ढिलेपणा' या समजुतीला त्यांनी छेद जातो. याहून चांगले उदाहरण वकिलांचे आहे. पोशाखाच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर व्यवसाय दुसरा नसेल, तरीही बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालये वगळता उन्हाळ्यात काळा कोट घालणे बंधनकारक नाही. सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयात मे महिन्यात बिनकोटाच्या वकिलाला न्यायाधीश ऐकून घेतात, तर हिंगण्यात बिनब्लेझरची कर्जअधिकारी ऐकून घ्यायला ग्राहकाची काही हरकत नसावी.

तिसरा आधार हवामानाचा. नागपूरचे कमाल तापमान २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस नोंदवले गेले होते. (२०२४ च्या मेअखेर रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखवून सर्व वाहिन्यांवर आपल्याला चमकवले, परंतु ते यंत्र सदोष असल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले, अर्जात तो आकडा चुकूनही लिहू नका, नाहीतर तुमचा अर्ज त्या एका ओळीवर फेटाळला जाईल.) राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उष्णतेच्या लाटेसाठी ज्या सूचना देते त्यांत हलक्या रंगाचे, सैल, सुती कपडे घालावेत आणि दुपारी १२ ते ३ या वेळात उन्हात जाणे टाळावे असे स्पष्ट म्हटलेले आहे. गडद निळा, अस्तराचा, बहुधा पॉलिस्टरचा कोट यांतल्या प्रत्येक शब्दाच्या उलट आहे. पॉलिस्टर घाम शोषत नाही. तो अंगावरच राहतो, आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. मुख्यालयातील ज्या कोणी हा नियम लिहिला असेल त्यांनी नागपूर पाहिलेच असेल तर बहुधा अधिवेशनाच्या दिवसांत, डिसेंबरात पाहिले असेल, आणि डिसेंबरात इथे ब्लेझर खरोखरच शोभून दिसतो.

तेव्हा अर्ज करा, आणि तो तोंडी करू नका. शाखा व्यवस्थापकांशी बोलून उपयोग होण्याची शक्यता कमी आहे, कारण नियम त्यांचा नाही. त्यांच्यावर फक्त तो पाळून घेण्याची जबाबदारी आहे. ते तुमच्यावर ओरडले त्यामागे परवा त्यांच्यावर कोणीतरी ओरडले असण्याचीच शक्यता अधिक. त्यांच्यामार्फत एचआर विभागाला पत्र पाठवा, म्हणजे त्यांना डावलल्यासारखेही होणार नाही. मजकूर साधारण असा असावा :

"पोशाखविषयक नव्या नियमाचे आम्ही पालन करीत आहोत. नागपूर शाखेतील क्षेत्रभेटीचे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत दुपारच्या वेळी स्कूटरवरून प्रवास करावा लागतो आणि मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास पोहोचते. आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या उष्णतेविषयीच्या सूचना सोबत जोडल्या आहेत. या कालावधीत क्षेत्रभेटीसाठी ब्लेझर व बंद बूट यांतून सवलत द्यावी आणि त्याऐवजी कंपनीच्या रंगसंगतीतील सुती शर्ट अथवा कुर्ता व ओळखपत्र यांस मान्यता द्यावी, ही विनंती. शाखेत आणि बैठकींच्या वेळी सध्याचा नियम पाळण्यास आमची हरकत नाही."

शेवटचे वाक्य गाळू नका. वातानुकूलित शाखेत बसल्यावर ब्लेझर घालायला तुम्ही तयार आहात, हे वाचले की वरच्या माणसाला होकार देणे सोपे जाते. सगळाच नियम रद्द करा म्हटले की त्याला त्याच्या वरच्याकडे जावे लागते आणि मग तो जातच नाही. अर्जावर एकट्याची सही नको. क्षेत्रभेटी करणारे पुरुष सहकारीही टाय आणि बंद बुटांत शिजत असणारच. त्यांनाही बरोबर घ्या, म्हणजे हे 'बायकांचे प्रकरण' म्हणून बाजूला पडणार नाही. ग्राहकांसमोर ओरडण्याबद्दल मात्र या अर्जात एक अक्षरही लिहू नका. ते व्यवस्थापकांना त्यांच्या केबिनमध्ये, दार लावून, शांतपणे सांगा : "सर, माझे काही चुकले तर मला आत बोलावून सांगा, ग्राहकांसमोर नको." अशा एका वाक्याने नोकरी जात नाही. आणि सवलत मिळेपर्यंत ब्लेझर डिकीत कोंबण्याऐवजी पायाजवळच्या हुकाला कापडी पिशवीत अडकवा. निदान पेट्रोलचा वास तरी जाईल.

निकालाबद्दल. तुम्ही गुण विषयवार लिहून पाठवलेत हे बरे झाले, कारण त्यांवरून एक गोष्ट लगेच दिसते जी तुमच्या लक्षात आलेली नाही. सहा विषयांची बेरीज ६०० पैकी ४१४ होते, म्हणजे ६९ टक्के. तुम्ही लिहिलेले ७२.६० टक्के हे सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांचे आहेत, ५०० पैकी ३६३, ज्याला सगळे 'बेस्ट ऑफ फाइव्ह' म्हणतात. त्यात गणित धरलेलेच नाही. ज्या ५१ गुणांवरून घरात अबोला आहे, त्यांचा त्या ७२.६० टक्क्यांशी काही संबंध नाही. गणितात त्याला ६० मिळाले असते तरी टक्के तेवढेच राहिले असते. टक्के खाली ओढले ते विज्ञानाच्या ६२ ने आणि दोन भाषांनी. तेव्हा 'गणिताने घात केला' हे घरात चाललेले पालुपद आधी थांबवा.

याचा अर्थ गणित विसरून जावे असा नाही. दहावीला गणितात ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, आणि अंतर्गत गुण देताना शाळा सहसा हात आखडता घेत नाहीत. ते १७-१८ धरले तर लेखीत त्याला ८० पैकी ३३-३४ च्या आसपास मिळाले असावेत. हा आकडा पुढच्या निर्णयासाठी महत्त्वाचा आहे आणि त्याकडे मी पुन्हा येते. तुमच्या मुलाला यापेक्षा बरेच अधिक गुण अपेक्षित होते का, हे त्याला विचारा. तसे असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. मंडळाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, मुदत निकालानंतर साधारण दोन आठवड्यांचीच असते आणि पुनर्मूल्यांकन हवे असल्यास आधी छायाप्रत घेणे अनिवार्य आहे. छायाप्रत आली की शाळेतल्या गणिताच्या सरांना किंवा बाईंना दाखवा, एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे किंवा बेरीज चुकली आहे असे त्यांना वाटले तरच पुढे जा. मुलाला खोटे पाडण्यासाठी किंवा मंडळाला धडा शिकवण्यासाठी हा खटाटोप करू नका.

७२ टक्के किती वाईट, याबद्दल थोडे. राज्य मंडळाच्या हिशेबाने ६० च्या पुढे प्रथम श्रेणी आणि ७५ ला विशेष प्रावीण्य. तुमचा मुलगा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाला आहे आणि तुमच्या पत्रात हा शब्द कुठेही नाही. आजूबाजूला नव्वदीची इतकी गर्दी झाली आहे की सत्तरीतल्या मुलांचे आईवडील चोरासारखे वागू लागले आहेत. दर वर्षी कोकण विभाग पहिला येतो आणि नागपूरची पिछेहाट वृत्तपत्रात छापून येते. २०२५ च्या दहावीच्या निकालात कोकण ९८.८२ टक्के आणि आपला नागपूर विभाग ९०.७८ टक्क्यांसह राज्यात शेवटचा होता. त्या आकड्यांवर चर्चा जरूर व्हावी, पण नापास झालेल्या मुलांसाठी व्हावी. तुमच्या घरात त्यांतले कोणी नाही.

आता डिप्लोमा. ही इच्छा त्याने तुम्हाला न सांगता मामाला सांगितली, याचे तुम्हाला दुःख झाले आहे; मला मात्र त्याने ती कुणाला तरी सांगितली याचेच समाधान वाटते. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि त्यानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा मार्ग अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे. सदरमधील शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थांतून शिकून कारखान्यांत, वीज आणि बांधकाम विभागांत स्थिरावलेले लोक तुमच्याच वस्तीत सापडतील. त्यामुळे 'डिप्लोमा म्हणजे उरलासुरला मार्ग' असे कृपया म्हणू नका. परंतु त्यालाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : डिप्लोमा ही गणितातून सुटका नव्हे. पहिल्याच वर्षी गणित असते आणि लेखीत ३३-३४ मिळवलेल्या विद्यार्थ्याला ते जड जाते. गणित नको म्हणून तो डिप्लोमा म्हणत असेल तर त्याची फसगत होईल. यंत्रांची, वायरिंगची, नकाशांची आवड म्हणून म्हणत असेल तर गणितासाठी सुट्टीतले चार-सहा आठवडे घालवणे त्याला पटेल. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, म्हणजे त्याच्या ओळखीचे एखादे सर अजून मोकळे असतील. त्याला आवडते काय, हे तुमच्या पत्रातून मला कळले नाही, कारण बहुधा तुम्हालाही ते पूर्ण माहीत नाही. मामाला विचारा.

विज्ञान आणि जेईई हाच मार्ग ठरवायचा म्हटला, तरी अकरावीचे प्रवेश २०२५ पासून संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होत आहेत, आणि पसंतीक्रम भरताना जरा सांभाळा. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. नणंदेला सांगायला बरे म्हणून पहिल्या क्रमांकावर टायअपचे कॉलेज टाकून ठेवले आणि तेच मिळाले, तर मुलाला तिथेच अडकावे लागेल. टायअपच्या सोयीबद्दल माझे मत चांगले नाही. गणितात अडखळणाऱ्या मुलाला कॉलेजच्या वर्गाची, प्रयोगशाळेची आणि रोज दिसणाऱ्या शिक्षकाची गरज अधिक असते. क्लासमध्ये चाचणी घेऊन तुकड्या पाडल्या जातात आणि पहिल्या तुकडीकडे जेवढे लक्ष जाते तेवढे शेवटच्या तुकडीकडे जात नाही. राज्यातील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांना एमएचटी-सीईटीचे गुण चालतात. सोळाव्या वर्षी जेईईला जुंपले नाही म्हणजे अभियंता होण्याची दारे बंद झाली, असे नाही.

नणंदेच्या बर्फीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. तिच्या मुलीने ९४ टक्के मिळवले, आई मिठाई घेऊन भावाकडे आली, यात तुम्हाला हिणवण्याचा हेतू मला दिसत नाही. असलाच तरी त्याची शिक्षा भाचीला नको. तिला फोन करून तिचे कौतुक करा, आणि तो फोन मुलाच्या देखत करा. कूलरचे पाणी ठिबकण्यावर एक प्लास्टिकची नळी आणि एक क्लॅम्प पुरे आहे. वरच्यांकडे तक्रार घेऊन जाण्याऐवजी नळी घेऊनच जा, मेमध्ये कोणालाही कूलर बंद ठेवायला सांगता येत नाही.

उरले ते २० हजार रुपये आणि 'जाऊ दे' म्हणणारे तुमचे यजमान. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत माध्यमिक शाळेची परीक्षा होण्याआधी प्रवेश देऊ नये आणि विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या कालावधीचे शुल्क १० दिवसांत परत करावे असे म्हटले आहे. या सूचना आहेत, कायद्याचे बळ त्यांना राज्याने दिल्याशिवाय येत नाही, त्यामुळे क्लासवाले सुरुवातीला 'ती रक्कम परत मिळत नाही' असेच म्हणतील. तरीही वर्ग सुरू होण्याआधी, पावतीची प्रत जोडून, लेखी मागणी करा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. या कामासाठी तुम्ही जाऊ नका, तुम्ही तिथे तावातावाने बोलाल. यजमानांना पाठवा. ज्याला कशाचाच राग येत नाही, असा माणूस अशा काउंटरसमोर खुर्ची ओढून तासन् तास बसू शकतो, आणि धरमपेठेतल्या त्या क्लासचा एसी चांगला असेल तर त्यांची तक्रारही नसेल.